उद्याचा कार्यक्रम तुमच्या गावी ऐकू येईल का?

आकाशवाणीच्या पुणे केंद्राची सकाळची सभा सुरू झाली, की निवेदक ठरावीक सुरात एक घोषणा करीत. ‘सभा’ हा आकाशवाणीचा खास शब्द आहे. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी केंद्र जे सलग कार्यक्रम देते, त्या प्रत्येक सत्राला तिथे सभा म्हणतात. हे आकाशवाणीचे पुणे केंद्र आहे, मध्यम लहरी ३७८.८ मीटर अर्थात ७९२ किलोहर्ट्झ, असे निवेदक सांगत. आमच्या पिढीला हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. मग प्रादेशिक बातम्या येत आणि दिवसभरातल्या कार्यक्रमांची माहिती येई. घरातली मंडळी त्या माहितीकडे कान लावून बसत. नाटक किती वाजता, शेतीचा कार्यक्रम कशावर, आपण पाठवलेल्या पत्राचे उत्तर आज आहे की उद्या, हे सगळे तिथे कळे. आधीच्या त्या दोन आकड्यांकडे मात्र कोणी लक्ष देत नसे.

आज आपण त्याच आकड्यांकडे पाहणार आहोत. केंद्राने कितीही चांगला कार्यक्रम ठरवला, तरी तो कोणत्या घरात ऐकू जाणार आणि कोणत्या घरात जाणार नाही, हे ठरते त्या आकड्यांवरून.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली १९९९ साली. मी तेव्हा बी. एस्सी.ला होतो. त्या वर्षी ११ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्यानिमित्त मला ‘युववाणी’त दहा मिनिटे बोलण्याची संधी मिळाली. माझी आजी तोरण्याच्या पलीकडच्या खोऱ्यात राहत असे. तिला पत्राने दिवस आणि वेळ कळवली. कार्यक्रम दिवेलागणीनंतर होता. आठवड्याने तिचे पोस्टकार्ड आले. शेजारच्या मुलाकडून तिने ते लिहून घेतले होते. मजकूर थोडक्यात असा: ‘तुझे भाषण ऐकले. आवाज बापासारखा आहे. पण तुझ्या मागे बसून दुसराच कोणीतरी बोलत होता. कुठल्या देशीची भाषा ते कळेना. त्याला गप्प बसायला सांगायचे होते.’

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माझ्याशिवाय कोणीही नव्हते. मग आजीला ऐकू आलेला तो माणूस कोण?

याचे उत्तर शोधण्याआधी एक छोटे गणित करा. ७९२ ला ९ ने भागा. भाग बरोबर ८८ वेळा जातो. हा योगायोग वाटत असेल, तर आता आपल्या भागातल्या इतर केंद्रांना मध्यम लहरींवर मिळालेले आकडे घ्या. मुंबई ५५८, नागपूर ५८५, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१, पणजी १२८७, परभणी १३०५, सोलापूर १६०२. प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज करून पाहा. नऊची कसोटी तुम्हाला पाचवीपासून ठाऊक आहे. एकही आकडा त्या कसोटीत नापास होणार नाही!

हे नऊ आले कुठून? माणसाचा आवाज किंवा सतारीचा सूर म्हणजे सेकंदाला काही शे ते काही हजार कंपने. ती तशीच्या तशी दूर पाठवता येत नाहीत. म्हणून केंद्र एक वेगवान विद्युत् चुंबकीय लहर निर्माण करते. पुण्याची ही लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा कंप पावते. हिला वाहक लहर म्हणतात. आवाजाच्या चढउताराप्रमाणे या लहरीची उंची कमीजास्त केली जाते. टपालाच्या गाडीत पत्र टाकावे तसा आवाज तिच्यावर स्वार होतो. पण असे करताना वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा व्यापली जाते. आवाजातली ४.५ किलोहर्ट्झपर्यंतची कंपने पाठवायची, तर खाली ४.५ आणि वर ४.५, मिळून ९ किलोहर्ट्झ रुंदीची पट्टी लागते. १९७५ साली जिनिव्हा येथे आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांनी मिळून ही आखणी ठरवली आणि ती २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. अमेरिका खंडात मात्र दहा-दहाच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे तिकडच्या आकड्यांच्या शेवटी नेहमी शून्य असते.

आपल्याकडची आखणी ५३१ पासून १६०२ पर्यंत जाते. म्हणजे सोलापूर अगदी शेवटच्या बाकावर. मधे एकूण किती पट्ट्या बसतात ते स्वतः काढा. उत्तर १२० यायला हवे. अर्ध्याहून मोठे जग आणि जागा १२०! अर्थात एकाच आकड्यावर अनेक केंद्रांना बसावे लागते. ती एकमेकांपासून पुरेशी दूर असली म्हणजे झाले, असा हिशेब.

दिवसा हा हिशेब चोख चालतो. मध्यम लहरी दिवसा जमिनीला बिलगून प्रवास करतात. आपले ३७८.८ मीटर आठवा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, त्याला ७ लाख ९२ हजारांनी भागले की एका लहरीची लांबी मिळते, तीच ही. पावणेचारशे मीटर लांबीची लहर टेकडीला, झाडीला, घराच्या भिंतीला सहसा अडत नाही. वळसा घालून पुढे जाते. ओली जमीन आणि समुद्राचे पाणी तिला फार मानवते, कोरडा खडक कमी मानवतो. जसजशी ती पुढे जाते तसतशी जमिनीत शोषली जाऊन क्षीण होते. हजार किलोमीटरवरचे दुसरे केंद्र त्याच आकड्यावर बोलत असले, तरी दिवसा आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

सूर्य मावळला की चित्र बदलते. याची कथा मोठी गमतीची आहे आणि तिच्यातसुद्धा एक गावचे रेडिओ केंद्रच नायक आहे.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडहून अटलांटिकपार संदेश गेल्याचे जाहीर केले, तेव्हा जाणकार बुचकळ्यात पडले. पृथ्वी गोल आहे. लहर तर सरळ जाणार. मग ती समुद्राचा एवढा फुगवटा ओलांडून कशी गेली? पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला. वातावरणात खूप उंचावर विद्युत्भारित कणांचा थर असावा आणि लहरी त्यावरून परत खाली येत असाव्यात. तर्क चांगला होता, पण पुरावा? तिथे वर जाऊन कोण पाहणार?

बावीस वर्षांनी एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट या दोघांनी तो थर जमिनीवर बसूनच मोजला. त्यांनी बीबीसीचे बोर्नमथ येथील केंद्र वापरले आणि ग्राहक यंत्र ठेवले ऑक्सफर्डला. अंतर सुमारे १२० किलोमीटर. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री, श्रोत्यांचे कार्यक्रम संपल्यावर, केंद्राने आपल्या लहरीची लांबी हळूहळू बदलत न्यायची आणि इकडे ॲपल्टनने आवाजाची तीव्रता पाहत बसायचे, असे ठरले. तीव्रता वाढे, घटे, पुन्हा वाढे. त्या चढउतारांच्या मोजणीतून आकाशातल्या त्या थराची उंची निघाली!

कशी, ते समजा अशा आकड्यांनी पाहू. ऑक्सफर्डला दोन वाटांनी लहर पोहोचते. एक जमिनीवरून, १२० किलोमीटर. दुसरी वर जाऊन परत येणारी. थर ९० किलोमीटर उंच धरला, तर पायथागोरसच्या सिद्धांताने ही वाट सुमारे २१६ किलोमीटर भरते. दोन वाटांत फरक सुमारे ९६ किलोमीटर. लहर ३८५ मीटर लांबीची असेल, तर या फरकात सुमारे २५० लहरी मावतात. लांबी ३९५ मीटर केली, तर सुमारे २४४. म्हणजे लांबी बदलताना दोन वाटांतला फरक सुमारे सहा लहरींनी घटला. दोन्ही लहरींचे उंचवटे जुळले की आवाज मोठा, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की आवाज लहान. म्हणून दहा मीटरच्या बदलात साधारण सहा वेळा आवाज चढेल आणि उतरेल. आता हे उलट करा. चढउतार मोजा, त्यावरून वाटांतला फरक काढा आणि फरकावरून उंची. दहावीच्या भूमितीने आकाश मोजले गेले. ॲपल्टनला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही कोलकात्याला प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले आणि उच्च वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी, १९४७ मध्ये, प्रसिद्ध झाला.

या विद्युत्भारित प्रदेशाला आपण आयनांबर म्हणतो. त्याचे थर आहेत. सर्वांत खालचा, साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा, तो ‘डी’ थर. हा मध्यम लहरींचा शत्रू आहे. वर जाणारी लहर तो गिळून टाकतो. पण तो केवळ सूर्याच्या जिवावर जगतो. सूर्य मावळला की तिथले भारित कण एकमेकांना मिळून उदासीन होतात आणि डी थर जवळजवळ नाहीसा होतो. मग लहर बेधडक वरच्या थरांपर्यंत जाते आणि तिथून परतून शेकडो, कधी हजारांहून जास्त किलोमीटरवर उतरते. आजीचे पोस्टकार्ड आता तुम्हाला उलगडले असेल. दिवसभर ज्या दूरच्या केंद्राचा पत्ता नव्हता, ते दिवेलागणीनंतर आयनांबराच्या वाटेने तोरण्याच्या खोऱ्यात येऊन माझ्या मागे बसले होते.

आमच्या प्राध्यापकांना मी ते कार्ड दाखवले. ते खूप हसले आणि म्हणाले, “आजींना लिहा, रेडिओ थोडा वळवून ठेवा.” मला ते खरे वाटेना. पण कारण सोपे आहे. मध्यम लहरींसाठी रेडिओच्या पेटीत आडवी, काळसर फेराइटची दांडी असते आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. दांडी केंद्राच्या दिशेला काटकोनात असली की आवाज सर्वांत मोठा. दांडीचे टोकच केंद्राकडे रोखले की आवाज सर्वांत लहान. नको असलेल्या पाहुण्याकडे टोक करावे! आयनांबरातून येणारी लहर तिरपी उतरते, म्हणून ती पूर्ण बंद होत नाही, पण दबते. पुढच्या महिन्यात माझे धूमकेतूवर दुसरे भाषण होते. त्यानंतरच्या कार्डात एवढेच होते: ‘रेडिओ चुलीकडे तोंड करून ठेवला. तो गप्प बसला.’

हा प्रयोग तुम्ही घरी जरूर करा. मध्यम लहरी असलेला जुना संच कुणाच्या तरी माळ्यावर नक्की सापडतो. दुपारी दोन वाजता सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि किती केंद्रे लागतात ते मोजा. रात्री नऊला पुन्हा मोजा. मात्र आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा. त्यांच्यातल्या विद्युत्मंडलांची खरखर मध्यम लहरींत घुसते. आमच्या लहानपणी ही खरखर फक्त विजा आणि स्कूटर करीत. आता प्रत्येक खोलीत तिचे बिऱ्हाड आहे.

आता दुसऱ्या बाजूला वळू. २३ जुलै १९७७ रोजी आकाशवाणीने तेव्हाच्या मद्रासला देशातले पहिले एफ. एम. प्रक्षेपण सुरू केले. इथे वाहक लहरीची उंची कायम राहते आणि आवाजाप्रमाणे तिची वारंवारता किंचित पुढेमागे होते. विजेचा कडकडाट लहरीच्या उंचीत ढवळाढवळ करतो, वारंवारतेत फारशी नाही, म्हणून एफ. एम. स्वच्छ ऐकू येते. शिवाय इथे पट्टी रुंद असते. मध्यम लहरींवर साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कापले जातात, एफ. एम.वर पंधरापर्यंत जातात. तंबोऱ्याची जवारी मध्यम लहरींवर ऐकलेल्याने ती ऐकलीच नाही, असे म्हटले तरी चालेल. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला लोक रेडिओला हात जोडून बसले, ते या कापलेल्या स्वरांवरच बसले, हे मला नेहमी नवलाचे वाटते. गदिमा आणि बाबूजींनी काय केले असेल पाहा!

पण एफ. एम.ची लहर फक्त तीनेक मीटर लांबीची असते. ती प्रकाशासारखी वागते, जवळपास नजरेच्या रेषेत जाते आणि आयनांबर तिला परत पाठवत नाही. ती किती दूर जाईल याचे एक सोपे सूत्र आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. शंभर मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर मिळतात. म्हणून दूरदर्शनने मनोरा सिंहगडावर नेला. गड पुण्याहून साडेसातशे मीटर उंच आहे, तेव्हा सूत्र ११२ किलोमीटर सांगते. मात्र हे सूत्र सपाट मैदानाचे आहे. मधे डोंगर आला की त्याच्या मागे सावली पडते, जशी उन्हाची पडते तशीच. सह्याद्रीत सावल्यांना तोटा नाही.

मध्यम लहरींचा मनोरा मात्र उंच डोंगरावर नेत नाहीत. त्याला सपाट, ओलसर, मोकळी जमीन हवी. तिथे तो अख्खा मनोराच एरियल असतो. पाव लहरीइतकी उंची चांगली. म्हणजे ७९२ साठी सुमारे ९५ मीटर. मनोऱ्याच्या पायाखाली जाड विद्युत्‌रोधक बसवलेला असतो. पुण्यात ही जागा हडपसरला आहे, म्हणून तिथल्या बसथांब्याचेच नाव ‘आकाशवाणी’ पडले. बातम्या वाचणारी मंडळी मात्र शिवाजीनगरला बसतात. हडपसरला जाऊन निवेदकाला भेटू पाहणारे पुष्कळ जण हिरमुसले होऊन परत गेले आहेत, त्यांत मीही आहे.

मग सगळीकडे मध्यम लहरीच का ठेवत नाहीत? याला खर्चाचे सरळ उत्तर आहे. पुण्याचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक १०० किलोवॅटचा. यातली निदान दोनतृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते, जिच्यात आवाजाचा अंशही नसतो. एवढी वीज जाळायची, मोठी जमीन अडवायची, आणि ऐकणारे किती? शहरातल्या मुलांकडे मध्यम लहरींचा संचच नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत प्रसारभारतीने देशातले अनेक जुने, लहान मध्यम लहर प्रक्षेपक बंद केले आणि एफ. एम. व मोबाइलवरील ॲप यांवर भर दिला. काही मोठ्या प्रक्षेपकांत अंकीय पद्धत बसवली, पण ती ऐकणारे संच बाजारात दुर्मीळच. जिल्ह्याजिल्ह्यातली सातारा, बीड, धुळे, नांदेड, यवतमाळ यांसारखी स्थानिक केंद्रे तर पहिल्यापासून एफ. एम.वरच बोलत आली.

यात चूक काही नाही. पण मला एक हिशेब अपुरा वाटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी ॲप निरुपयोगी. तिथे हवा दोन सेलवर चालणारा संच आणि डोंगरामागे पोहोचणारी लहर. प्रत्येक विभागात निदान एक तरी सशक्त मध्यम लहर प्रक्षेपक राखून ठेवावा, विजेचे बिल येऊ दे, असे माझे मत आहे. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला ते पटत नाही; ते म्हणतात, त्या पैशात गावोगावी भोंगे बसवा. आमचा वाद अजून चालू आहे.

रेडिओ पोहोचला की काय होते, याचा एक जुना दाखला पुणे केंद्राचाच आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. पंधरा-वीस जण संचाभोवती बसत, ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि शंका केंद्राला लिहून पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे येत. म्हणजे उद्याच्या कार्यक्रमात काय असावे, हे काही अंशी गावच ठरवी. हा प्रयोग इतका जमला, की पुढे तो देशभर नेण्यात आला. आणि जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले, तेव्हा इतका विरोध झाला की तो निर्णय स्थगित करावा लागला. रेडिओ कोणी ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांतली वृत्तपत्रे चाळावीत.

आता गेल्या हिवाळ्यातली हकीकत. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या अकरावीच्या एका मुलीने गावच्या ओढ्याचे पाणी वर्षभर तपासले होते. एका रेडिओ केंद्राने तिला त्यावर बोलायला बोलावले. सात मिनिटांचे ध्वनिमुद्रण झाले आणि प्रक्षेपणाची तारीख मिळाली. एफ. एम.वर आणि ॲपवर, सायंकाळी साडेपाचला. मुलीचे तोंड उतरलेले पाहून मी कारण विचारले. तिला लहानाची मोठी केली तिच्या आजीने आणि आजी डोंगरामागच्या वाडीत. तिथे एफ. एम. लागत नाही आणि मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढले तरच येते.

आदल्या रविवारी आम्ही सातजण दोन संच, नकाशा आणि वही घेऊन वाडीत गेलो. आधी वर्गात फळ्यावर डोंगराचा छेद काढून मनोऱ्यापासून रेषा ओढली होती. रेषा वाडीच्या बरीच वरून गेली. खिंडीला मात्र ती जेमतेम शिवत होती. प्रत्यक्षात तसेच निघाले. वाडीत एफ. एम.वर नुसता सूंऽऽ आवाज. मध्यम लहरींवर दुपारी एक केंद्र खणखणीत आणि दोन अंधुक, पण मुलीचा कार्यक्रम तिथे नव्हता. खिंडीकडे चढताना शेवटच्या वळणापर्यंत काही नाही. वळण संपले आणि वीस पावलांत एफ. एम. एकदम लागले, कोणी पडदा बाजूला सारावा तसे. एका मुलाने तर त्या जागी दोनदा पुढेमागे चालून खडूने दगडावर रेघ मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुधाच्या गाडीतून आजींना खिंडीत आणले. सोबत घोंगडी, थर्मास आणि वाडीतली आठदहा माणसे. खडूच्या रेघेच्या चार पावले पुढे संच ठेवला. साडेपाचला नाव पुकारले गेले, तेव्हा सगळे गप्प झाले. आजींनी सातही मिनिटे डोळे मिटून ऐकले. मुलीचा आवाज संपल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, पोरीचा घसा सुकला होता. तिथं पाणी द्यायला कोणी नव्हतं का?”